घोडा, रिकामे आणि तेलपाणी : पिस्तुलाच्या टोचखिळीची सफाई व मराठी परिभाषा

१. प्रयोजन

निवडणूक जाहीर झाली म्हणजे भडगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. अशा वेळी पिकाच्या राखणीसाठी बाळगलेली ठासणीची बंदूक, बारा बोरची दुनळी आणि एखाद्या व्यापाऱ्याचे बत्तीस बोरचे पिस्तूल ही तीन हत्यारे एकाच खोलीत शेजारी शेजारी येऊ शकतात. यंत्ररचनेच्या दृष्टीने त्यांच्यात शतकांचे अंतर आहे. तथापि त्यांच्याविषयी बोलताना मराठी माणूस एकच शब्दसंग्रह वापरतो. घोडा, चाप, बार, नळी, टोपी हे शब्द तिन्हींना सारखेच लागू केले जातात. आणि ‘रिकामे करणे’, ‘तेलपाणी करणे’ या क्रियाही तिन्हींविषयी सारख्याच सांगितल्या जातात.

शब्दसंग्रहाचे हे सातत्य भाषाभ्यासकाला सुखावणारे असले, तरी त्यात एक धोका दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. शब्द हे जुन्या यंत्राचे ज्ञान आपल्याबरोबर वाहून आणतात. यंत्र बदलले आणि शब्द तोच राहिला, तर ते ज्ञान दिशाभूल करू लागते. हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी अर्धस्वयंचलित पिस्तुलातील एक लहानसा भाग निवडला आहे. काडतुसाच्या टोपीवर आघात करणारी खीळ, तिची स्प्रिंग आणि तिला जागेवर ठेवणारी पट्टी एवढाच तो भाग होय. तो सुटा करून स्वच्छ करण्याची रीत मराठीत सांगू गेल्यास वर उल्लेखिलेले तीन शब्द एकामागून एक आडवे येतात.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांची काडतुसे तयार करणारा सरकारी कारखाना आहे. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यानंतर तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. धुळे येथे राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. तेथील जवान, तालुक्यातील पोलीस शिपाई, महाविद्यालयांतील छात्रसैनिक आणि परवानाधारक नागरिक यांपैकी बहुतेकांची बोलण्याची भाषा मराठी अथवा अहिराणी असते. शस्त्र हाती देणारी सूचना मात्र त्यांच्यापर्यंत इंग्रजी पुस्तकातून किंवा कवायतीच्या हिंदीतून येते, आणि मनात तिचे भाषांतर जो तो आपापल्या परीने करून घेतो.

२. शब्दांची कुळकथा

मराठीतील शस्त्रवाचक शब्द नाना देशींचे आहेत. ‘तोफ’ हा तुर्की, ‘बंदूक’ हा अरबी मुळाचा व फारसीच्या वाटेने आलेला, तर ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे पोर्तुगीज ‘पिस्तोला’ व ‘कार्तुशु’ यांवरून आलेले शब्द होत. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग योजून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा यत्न झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु नावे सामान्यतः संपूर्ण हत्यारांची आयात झाली. हत्यार चालविताना ज्या भागांना हात लागतो, त्यांची नावे बव्हंशी घरचीच राहिली. ‘घोडा’, ‘चाप’, ‘कान’, ‘नळी’, ‘टोपी’ ही त्याची उदाहरणे.

बार उडविण्याच्या यंत्राला प्राण्याचे नाव देण्याची प्रवृत्ती अन्य भाषांतही आढळते. जर्मन भाषेत त्या भागाला ‘हान’ म्हणजे कोंबडा म्हणतात. इंग्रजीतही पूर्वी कोंबडाच होता. फ्रेंचांनी त्याला ‘शियँ’ म्हणजे कुत्रा म्हटले. स्पॅनिशमधील ‘गातिल्यो’ हा शब्द मांजरावरून आला असून तो बोटाने ओढावयाच्या भागाला लागतो. आपल्याकडे घोडा आला. मात्र मराठीत या घोड्याने दोन तबेले धरले आहेत. ‘घोडा चढविला’ असे म्हणताना मागील बाजूचा, आघात करणारा भाग अभिप्रेत असतो. ‘घोडा दाबला’ असे म्हणताना मात्र बोटाखालचा चाप अभिप्रेत असतो. कथा-कादंबऱ्यांत आणि वृत्तपत्रांत हे दोन्ही प्रयोग सर्रास आढळतात.

ही द्व्यर्थता कशी उद्भवली असावी, याविषयी यंत्ररचनेवरून एक तर्क करता येतो. तोड्याच्या बंदुकीच्या अगदी साध्या प्रकारात पेटता तोडा धरणारा वाकडा दांडा आणि बोटाने दाबावयाचा भाग हे एकाच लोखंडी दांड्याची दोन टोके असत. दांडा मध्यावर खिळलेला असे. खालचे टोक दाबले की वरचे टोक रंजकावर झुके. तेथे दोन्ही टोकांना एकच नाव असले तरी काही बिघडत नसे, कारण एक हलविणे म्हणजेच दुसरे हलविणे होय. पुढे चकमकीची व नंतर टोपीची बंदूक आली, घोडा व चाप हे निरनिराळे भाग झाले आणि त्यांच्यामध्ये खटका आला. नाव मात्र दोन्हींवर रेंगाळत राहिले.

आता ‘घोडा हळूच पुढे सोडा’ या सूचनेचा विचार करावा. सूचना देणाऱ्याच्या मनात मागील भाग आहे. ऐकणाऱ्याच्या मनात चाप असेल, तर त्याचे बोट नेमके जेथे जाऊ नये तेथे जाईल. यास्तव प्रस्तुत लेखात घोडा म्हणजे केवळ आघात करणारा भाग आणि चाप म्हणजे केवळ बोटाने ओढावयाचा भाग, असा कडक नियम पाळला आहे. शिकविणाऱ्यांनीही तो पाळावा, अशी विनंती आहे.

३. खिळीचे नाव

अर्धस्वयंचलित पिस्तूल मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०९ साली चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हापासून ‘ब्राउनिंग’ हे नाव मराठीत रूढ झाले. अमेरिकन यंत्रकार जॉन ब्राउनिंग यांचे १९२६ साली निधन झाले. त्यांच्या शेवटच्या आराखड्याला बेल्जियमच्या एफएन कारखान्यातील द्येदोने सेव्ह यांनी पूर्ण रूप दिले. १९३५ च्या त्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाचीच भारतीय आवृत्ती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झाली व ती सैन्यात आणि पोलीस दलांत वापरात आली. पुढील विवेचन मुख्यतः याच रचनेला अनुसरून आहे.

येथे ‘अर्धस्वयंचलित’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. अशा पिस्तुलात बार उडाल्यावर रिकामे कवच बाहेर फेकले जाते, घोडा चढतो आणि नवे काडतूस नळीच्या कोठीत येते. परंतु पुढचा बार उडण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावाच लागतो. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतील असे हत्यार हे खरे स्वयंचलित होय, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने त्याची गणना निषिद्ध शस्त्रांत केली आहे. बोलीत दोहोंनाही ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. कायद्यात हा फरक फार मोठा आहे.

आता प्रस्तुत भागाला मराठीत काय म्हणावे? इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर करून ‘अग्निसूची’ म्हटल्यास दोन दोष येतात. ही खीळ अग्नी निर्माण करीत नाही. ती टोपीला खड्डा पाडते. आतील स्फोटक मिश्रण दाबले जाऊन पेट घेते, आणि त्याची ज्वाला दारूला लागते. दुसरे असे की, ‘सूची’ या संस्कृत शब्दाचा सुई हा अर्थ आजच्या मराठीत मागे पडला असून यादी हा अर्थ पुढे आला आहे. ‘आघातसूची’ हा शब्द वाचून एखाद्याला ती आघातांची यादी वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

कारागिराच्या मराठीत बारीक लोखंडी दांड्याला ‘खीळ’ म्हणतात, आणि खिळीचे काम टोचण्याचे आहे. म्हणून ‘टोचखीळ’ हा शब्द येथे योजला आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो हे ध्यानात घेता भडगावच्या तोंडी तो ‘टोचखीय’ असा उतरेल; तरीही अर्थ शाबूत राहतो. परिभाषिक शब्दाची ही एक चांगली कसोटी आहे, कारण बोलीच्या उच्चारात जो शब्द ओळखू येतो तोच कामाच्या घाईत उपयोगी पडतो. तीच कसोटी लावून एक शब्द सोडूनही द्यावा लागला. पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला ‘सरकी’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु कापसाच्या मुलखात सरकीचा अर्थ लहान मूलही जाणते. तेथे ‘स्लाइड’ हाच शब्द ठेवणे शहाणपणाचे.

टोचखिळीहून एक निराळा प्रकारही असतो. काही पिस्तुलांत घोडा नसतो. खीळच स्प्रिंगच्या ताणाने मागे धरलेली असते व चाप ओढताच स्वतःच्या जोराने पुढे धावते. तिला ‘ताणखीळ’ म्हणता येईल. दोहोंना एकच नाव दिल्यास सफाईत घोटाळा होतो, कारण टोचखीळ विश्रांतीत असते आणि ताणखीळ ताणलेल्या अवस्थेत असू शकते.

४. ‘रिकामे’ म्हणजे काय?

ठासणीच्या बंदुकीत बार राहण्याची जागा एकच, ती म्हणजे नळी. बार उडाला की बंदूक रिकामी झाली. ‘रिकामे’ या शब्दाचा हा जुना अर्थ पिस्तुलाला लावणे घातक आहे. पिस्तुलात काडतूस दोन ठिकाणी असू शकते : मुठीतील मॅगझिनात आणि नळीच्या कोठीत. मॅगझीन काढून हातात घेतले की पिस्तूल रिकामे झाले, असे पुष्कळांना वाटते; कोठीतील एक काडतूस तसेच असते, आणि हत्यार साफ करताना घडणाऱ्या अपघातांचे हे एक नेहमीचे कारण आहे.

येथे मराठी वाक्यरचनेकडेही लक्ष पुरविले पाहिजे. ‘स्लाइड ओढून मॅगझीन काढून पिस्तूल रिकामे करावे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्याप्रमाणे वागल्यास स्लाइड परत जाताना मॅगझिनातील नवे काडतूस कोठीत ढकलील, आणि त्यानंतर काढलेले मॅगझीन खोटे समाधान देईल. ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूपांची माळ ओवली म्हणजे क्रियांचा क्रम वाचकाच्या मनात सैल होतो. ‘-ताना’ या रूपाने तर दोन क्रिया एकाच वेळी घडल्याचा भास होतो. म्हणून अशा सूचनांत प्रत्येक क्रियेला स्वतंत्र वाक्य द्यावे; आणि दोन क्रिया जोडावयाच्याच असतील, तर ‘-ल्यावर’ या रूपाने पूर्वापर संबंध स्पष्ट करावा. त्यानुसार सूचना अशी होईल :

सर्व काडतुसे खोलीबाहेर ठेवावी. नळीचे तोंड निर्धोक दिशेस असावे आणि बोट चापापासून दूर असावे. मॅगझीन काढावे. मॅगझीन काढल्यावर स्लाइड पूर्ण मागे ओढावी व मागेच अडकवावी. कोठीत डोळ्यांनी पाहावे, आणि नंतर बोटाने चाचपावे. कोठी व मॅगझिनाची जागा या दोन्ही रिकाम्या आढळल्यावरच पिस्तूल रिकामे समजावे.

५. खोलणे, पुसणे, जोडणे

या रचनेत स्लाइड मागे ओढून सुरक्षा-कळ तिच्या खाचेत अडकविली असता स्लाइड-रोधकाची खीळ उजवीकडून दाबून डावीकडे काढता येते. त्यानंतर स्लाइड हाताने धरून कळ खाली केली की स्लाइड पुढच्या बाजूने सांगाड्यावरून निघते. तिच्यातून मुख्य स्प्रिंग व नळी बाजूला केल्यावर टोचखिळीकडे वळावयाचे.

स्लाइडच्या मागील टोकाला, दोन उभ्या खाचांत बसलेली एक लहान पट्टी असते. दाराला जसा अडसर, तशी ही टोचखिळीला असते. म्हणून हिला ‘अडसरपट्टी’ म्हणू. पट्टीच्या छिद्रातून खिळीचे मागचे टोक डोकावते आणि त्यायोगे पट्टी जागेवर धरली जाते. बारीक बोथट दांड्याने ते टोक आत दाबावे. दाबून धरूनच पट्टी खालच्या दिशेने सरकवावी. पट्टी सुटू लागताच छिद्रावर अंगठा ठेवावा, कारण मागे स्प्रिंग दाबलेली आहे. अंगठा नसेल तर खीळ उडून डोळ्यावर येईल किंवा हरवेल. डोळ्यांवर चष्मा असणे इष्ट. यानंतर खीळ व स्प्रिंग मागील बाजूने बाहेर येतात.

खिळीची लांबी तिच्या घराहून किंचित कमी असते, हे येथे पाहण्यासारखे आहे. घोडा पुढे टेकलेला असला तरी खिळीचे टोक टोपीपर्यंत पोचत नाही. घोड्याचा जोरदार आघात झाला तरच ती स्वतःच्या वेगाने स्प्रिंगला दाबीत पुढे जाते, टोपीला टोचते आणि लगेच मागे येते. तिचे सारे काम या मोकळ्या धावेवर अवलंबून आहे. धाव मंदावली की काय होते, याचे दोन प्रकार आहेत व ते परस्परांच्या उलट आहेत. मळीमुळे खीळ हळू गेली तर टोपीला पुरेसा खड्डा पडत नाही व बार फुसका जातो. मळीमुळे अथवा मोडक्या स्प्रिंगमुळे खीळ पुढे अडकून राहिली, तर तिचे टोक बाहेरच असते. आणि नवे काडतूस कोठीत शिरताच चापाला बोट न लावता बार उडू शकतो. पहिल्या प्रकारात ज्याला स्वसंरक्षण करावयाचे त्याचा घात होतो. दुसऱ्यात शेजारी उभ्या असलेल्या निरपराध माणसाचा.

‘फुसका बार’ हा शब्दही येथे सावधपणे घ्यावा. चाप ओढूनही बार उडाला नाही म्हणजे तो फुसका निघाला, असे आपण तत्काळ म्हणतो. पण तो क्वचित उशिराही उडतो. म्हणून नळी निर्धोक दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, आणि मगच काडतूस काढावे.

६. ‘तेलपाणी’ कोठे करू नये

यंत्राची निगा राखणे याला मराठीत ‘तेलपाणी करणे’ म्हणतात. बंदुकीच्या बाबतीत हा शब्दप्रयोग एके काळी अक्षरशः खरा होता. काळ्या दारूचा आणि जुन्या क्लोरेटयुक्त टोप्यांचा अवशेष क्षारमय असे. तो हवेतील ओल शोषून नळीला गंज चढवी. क्षार तेलात विरघळत नाहीत, म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुवावी लागे, कोरडी करावी लागे, आणि मग तेल लावावे लागे. पाणी आणि तेल ही दोन्ही सफाईची अंगेच होती.

टोचखिळीच्या घरात मात्र तेलपाणी अपायकारक ठरते. आत सोडलेले तेल बाहेर पडावयास वाट नसते. ते दारूची काजळी, पितळेचे सूक्ष्म कण आणि धूळ यांना धरून ठेवते आणि कालांतराने चिकट मळी तयार होते. खानदेशचा उन्हाळा, काळ्या मातीची धूळ व कापसाचे तंतू यांचा विचार करता येथे ही मळी लवकर जमते. खंडेनवमीला शस्त्रे पुसून त्यांची पूजा करण्याची आपली परंपरा आहे. त्या दिवशी हळद-कुंकवाचे बोट मुठीवर अथवा म्यानावर लावावे, पिस्तुलाच्या मागील छिद्रापाशी लावू नये, एवढे सांगितले तरी पुरे.

तेव्हा रीत अशी : सफाईच्या द्रवात भिजविलेल्या बारीक ब्रशाने किंवा कापूस गुंडाळलेल्या काडीने खिळीचे घर आतून पुसावे. काडीवर काळे येणे थांबेपर्यंत काड्या बदलाव्या. खीळ व स्प्रिंग चिंदीने पुसाव्या. सर्व भाग पूर्ण कोरडे होऊ द्यावे. गंजाची भीती असल्यास तेलाचा हात लावलेल्या चिंदीने खीळ एकदा पुसून पुन्हा कोरड्या चिंदीने टिपावी. घरात तेल सोडू नये.

कोरडे झाल्यावर पाहणी करावी. खिळीचे टोक गुळगुळीत व गोलसर असावे. ते चेपलेले, तुटलेले किंवा खड्डे पडलेले असल्यास टोपी फाटण्याचा संभव असतो. स्प्रिंग वाकलेली नसावी. दोष आढळल्यास टोकाला कानस लावू नये; भाग बदलून घ्यावा, आणि ते काम परवानाधारक कारागिराकडून किंवा दलाच्या शस्त्रकाराकडून करून घ्यावे. शस्त्र अधिनियमाप्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो.

जोडणी उलट क्रमाने होते. स्प्रिंग खिळीवर चढवावी, दोन्ही घरात घालावी, मागचे टोक दाबून अडसरपट्टी वर सरकवावी, आणि खिळीचे टोक तिच्या छिद्रात नीट आले आहे का ते पाहावे. शेवटी बोथट दांड्याने खीळ आत दाबून सोडावी. पुढचे टोक क्षणभर दिसून झटकन आत गेले पाहिजे. ते रेंगाळले, तर सफाई पुन्हा करावी.

७. उपसंहार

वर विचारात घेतलेले तिन्ही शब्द खोटे नाहीत. तोड्याच्या बंदुकीत घोडा व चाप एकच होते. ठासणीची बंदूक बार उडताच खरोखर रिकामी होत असे. काळ्या दारूच्या नळीला तेलपाणीच हवे होते. पिकाच्या रक्षणासाठी नळीतून ठासून भरावयाच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद १९५९ च्या अधिनियमातही आहे, म्हणजे या शब्दांचे जुने यंत्र अद्याप नाहीसे झालेले नाही. त्यामुळे ते शब्द भाषेतून काढून टाकावे असे कोणी म्हणणार नाही. कोणता शब्द कोणत्या यंत्राचे ज्ञान सांगतो, हे मात्र शिकविणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

परिभाषा तयार करणारे आपण बहुधा नामांपाशी थांबतो. टोचखीळ, ताणखीळ, अडसरपट्टी ही नामे रूढ झाली तर आनंदच आहे, आणि याहून चांगली कोणी सुचविल्यास त्यांचे स्वागतच होईल. परंतु प्रस्तुत उदाहरणात अधिक धोका विशेषणात, क्रियापदात आणि ‘-ऊन’ सारख्या प्रत्ययात आढळला. तांत्रिक मराठीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शब्दांच्या याद्यांबरोबर सूचनांची वाक्येही गोळा करावी. आणि ती ऐकून ऐकणाऱ्याचा हात प्रथम कोठे जातो, हे पाहावे. अर्थनिश्चितीचे याहून विश्वसनीय साधन सापडणे कठीण आहे.